कुत्र्यासोबत मराठवाड्याच्या डोंगरवाटेवर: जागा, पाणी, कुसळ आणि परतीची वेळ

मराठवाड्यात कुत्र्याला डोंगरावर नेताना चढापेक्षा पाण्याची अडचण मोठी असते. घाटमाथ्यावरच्या जंगलात सावली मिळते, ओढाही भेटतो. इथल्या बरड माळावर सावली म्हणजे एखादी बाभूळ किंवा सीताफळाचं झुडूप, आणि दिवाळी सरली की बहुतेक ओढ्यांत नुसते गोटे उरतात. त्यात कुत्रा दमल्याचं सांगत नाही. तुम्ही चालताय तोवर तो चालतो, आणि आपणहून बसतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यामुळे कुठं जायचं, किती चालायचं आणि किती वाजता परत फिरायचं, हे घर सोडण्यापूर्वीच ठरलेलं हवं.

आधी जागा ठरवा

अभयारण्यात कुत्रा नेऊ नका. कन्नडजवळचं गौताळा-औट्रम घाट, पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर, येडशीचं रामलिंग घाट, नांदेड-यवतमाळच्या सीमेवरचं पैनगंगा, नाथसागराचं जायकवाडी पक्षी अभयारण्य, या सगळ्या जागा त्यात आल्या. पट्टा बांधलेला असला तरी नाही. पहिलं कारण आजाराचं. डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग कुत्र्यांकडून कोल्हे, लांडगे, बिबटे यांच्यापर्यंत पोचतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरमध्ये दोन डझनांच्या आसपास सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. दुसरं कारण वासाचं. कुत्रा निघून गेला तरी त्याच्या लघवीचा वास पाणवठ्यावर राहतो आणि हरणं तिथं यायला बिचकतात. तिसरं कारण बिबट्या: गौताळ्यात तो आहे, आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे.

अजिंठा, वेरूळ, देवगिरी किल्ला, छत्रपती संभाजीनगरच्या लेण्या अशी पुरातत्त्व खात्याची तिकिटाची ठिकाणंही यादीतून काढा. कुत्र्याला बंद गाडीत ठेवून लेणी बघून येऊ, हा विचार तर मनातही आणू नका. बाहेर ३० अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात ४५ च्या वर जातं.

मग उरतं काय? बरंच उरतं. खुलताबादच्या पुढचं म्हैसमाळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीचं पठार, गवताळ आणि चालायला सोपं. संभाजीनगरातच विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी, सवय लावण्यासाठी उत्तम. शहराच्या दक्षिणेचे सातारा डोंगर. लातूर जिल्ह्यात वनौषधींसाठी ओळखलं जाणारं वडवळ नागनाथचं बेट. बीड-धाराशिवकडे बालाघाटाच्या रांगेत गावोगावची गायरानं आणि माळरानं. यातल्या बऱ्याच जागांवर देवस्थान आहे. तिथं कुत्रा पायरीपासून लांब ठेवा आणि यात्रेचे दिवस टाळा.

यातला कोणता तुकडा वनखात्याचा, कोणता गावाचा, हे नकाशावर कळत नाही. आदल्या दिवशी वनरक्षकाला किंवा गावातल्या गुराख्याला विचारा. कुत्रा चालेल का, एवढंच विचारून थांबू नका. महिन्याभरात बिबट्या दिसलाय का? आत्ता पाणी कुठल्या पाझर तलावात आहे? आणि सर्वांत महत्त्वाचं, वाटेलगतच्या शेतांना रानडुकरांसाठी करंट लावलाय का, कुठं गावठी बॉम्ब ठेवलेत का? पिठात किंवा चरबीत गुंडाळलेला हा बॉम्ब रानडुकरानं चावला की फुटतो. कुत्र्याला त्याचा वास खाण्याचाच वाटतो. दोन्ही प्रकार बेकायदा आहेत, म्हणून कुणी आपणहून सांगत नाही. मात्र सरळ विचारलं की गुराखी त्या बाजूला जाऊ नका असं नक्की सांगतो. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. असा बॉम्ब दिसला तर हात न लावता तिथं कळवा.

हंगाम आणि घड्याळ

मार्चच्या मध्यापासून पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत डोंगर बंद, असं सरळ धरून चाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि इथला काळा बेसाल्ट दिवसभर तापून सूर्यास्तानंतरही बराच वेळ धगधगत राहतो. म्हणून संध्याकाळची फेरी वाटते तेवढी थंड नसते. सकाळच बरी. जमिनीची परीक्षा सोपी आहे: आपला हात उलटा करून त्याची मागची बाजू खडकावर टेकवा आणि सात आकडे मोजा. तेवढं सोसवत नसेल तर कुत्र्याचे तळवे भाजणार.

जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवा असतो, पण काळ्या मातीच्या वाटा टाळा. ही माती बोटांच्या मध्ये गोळा होते, वाळली की खड्यासारखी टोचते आणि तासाभरात कुत्रा लंगडायला लागतो. मुरमाड किंवा खडकाळ वाट निवडा. ऑक्टोबरचा उकाडा फसवा असतो. वारा गार लागतो, पण ऊन मेसारखंच. त्या महिन्यात सकाळी नऊच्या आत गाडीपाशी परत या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम आणि तेव्हा साडेदहापर्यंत चालायला हरकत नाही. मात्र त्याच दिवसांत कुसळी वाळलेली असते. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

परतीची वेळ शिखरावर पोचलात की नाही यावरून ठरवू नका. एकूण वेळेतला ४० टक्के वेळ संपला की फिरा, कारण परतीला ऊन चढलेलं असतं आणि पाणी उतरलेलं.

कुत्रा तयार आहे का

वर्षाच्या आतलं पिल्लू लांब चढावर नेऊ नका. मोठ्या जातींमध्ये हाडांची वाढीची टोकं दीड वर्षापर्यंत पक्की होत नाहीत. पग, बुलडॉग, शिह त्झू असे चपट्या नाकाचे कुत्रे हिवाळ्यातल्या सकाळच्या सपाट फेरीपुरतेच ठीक, कारण धापा टाकून अंग थंड करणं त्यांना नीट जमत नाही. हस्की आणि जाड अंगाचा लॅब्राडोर इथल्या उन्हात लवकर ढासळतात. या मातीला सरावलेले म्हणजे गावठी कुत्रे आणि कारवानी. फक्त कारवानी डोळ्यानं शिकार हेरणारा कुत्रा आहे. ससा उठला की तो हाकेला थांबत नाही. काळवीट, चिंकारा, मोर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करणं, ते हाकणं हेही येतं. म्हणून कारवानी कितीही शहाणा असला तरी माळावर पट्टा सोडायचा नाही.

घरातल्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे मऊ असतात. पहिल्या आठवड्यात मातीच्या सपाट वाटेवर दोन-तीन किलोमीटर, मग दर आठवड्याला एकेक किलोमीटर वाढवा, तिसऱ्या आठवड्यापासून थोडा चढ घ्या. सहा आठवड्यांत आठ किलोमीटरची डोंगरफेरी जमते. तळव्याला तेल-मलम चोपडून घाई करू नका. मऊ पडलेली कातडी खडकावर लवकर सोलते.

रेबीजची लस दरवर्षी. डिस्टेंपर-पार्व्होची आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चालू आहे का ते कार्डावर बघा, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो. गोचिडांसाठी अंगावर लावायचं औषध असेल तर ते निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावा आणि त्या काळात आंघोळ घालू नका. फ्लुरालेनरसारख्या गोळीचा परिणाम सुमारे बारा आठवडे राहतो, पण फिट येणाऱ्या कुत्र्याला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पिशवी

गळ्यातल्या पट्ट्यावर डोंगर चढू नये. चढावर कुत्रा ओढतो आणि सगळा ताण श्वासनलिकेवर येतो. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या, त्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पट्टा साधा, दोन मीटरचा. दोरी आत-बाहेर होणारा पट्टा झुडपांत अडकतो आणि ऐन वेळी हातातून निसटतो.

पाण्याचा हिशेब असा: २० किलोच्या कुत्र्याला तीन तासांसाठी हिवाळ्यात दीड लिटर, ऑक्टोबरात अडीच लिटर. यातलं एक लिटर प्यायचं नाही, ते ऊन लागलंच तर अंगावर ओतण्यासाठी राखीव. तुमचं पाणी वेगळं. दर वीस मिनिटांनी सावलीत थांबून थोडं-थोडं पाजा. तासभर काही न देता एकदम अर्धा लिटर दिलंत तर कुत्रा ओकतो, म्हणजे होतं ते पाणीही जातं.

पोटभर जेवण निघण्याआधी तीन तास तरी झालेलं असावं. भरल्या पोटी पळालेल्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसू शकतो, आणि त्यात जीव जातो. वाटेत भाकरीचे तुकडे, उकडलेलं अंडं पुरे. मनुके, कांदा घातलेला कुठलाही पदार्थ आणि चॉकलेट तुमच्या डब्यातूनही द्यायचं नाही.

याशिवाय बोथट टोकांचा चिमटा, सलाइनची लहान बाटली, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, चिकटणारी बँडेज पट्टी, डिजिटल थर्मामीटर, तोंड बांधायला सुती कापडाची मीटरभर पट्टी आणि एक सोलापुरी चादर. चादर कशाला? २५ किलोचा कुत्रा दोन किलोमीटर कडेवर नेता येत नाही. चादरीची झोळी करून दोघं सहज नेतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या गोळ्या कुत्र्याला विष आहेत, त्या पेटीत असल्या तरी त्याला द्यायच्या नाहीत. आणि सगळ्यात जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा फोन निघण्याआधी लावून बघा: रविवारी डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस ठेवतात का. शासनाचा फिरता पशुवैद्यकीय दवाखाना १९६२ वर मिळतो. तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी गावाकडे सल्ल्याला उपयोगी पडतो.

वाटेवर

शेळ्या-मेंढ्यांचा कळप दिसला की आहे तिथंच थांबा, पट्टा आखडा आणि वाटेच्या खालच्या बाजूला उतरून कुत्र्याला बसवा. कळप आधी जाऊ द्या. धनगरांची कुत्री राखणीची असतात, भुंकत अंगावर येतात. लांबूनच मालकाला हाळी द्या, तो आवाज देईल तोवर पुढे पाऊल टाकू नका. लहान कुत्र्याला अशा वेळी उचलून घेण्याची चूक हमखास होते. उचललं की राखणीची कुत्री उडी मारतात आणि चावा तुमच्या हाताला बसतो. मध्ये उभे राहा, काठी जमिनीवर आपटा, पाठ फिरवू नका. वानरांच्या टोळीजवळून जाताना खाण्याची पिशवी बंद ठेवा आणि कुत्र्याला भुंकू देऊ नका. मोठा हुप्प्या उलटला तर दातानं खोल जखम करतो.

कड्यांवरची आग्यामोहोळं ओळखायला शिका. काळसर, हातभर लोंबणारं पोळं दिसलं की आवाज नाही, धूर नाही, अत्तर नाही, आणि गुपचूप मागं.

पाण्याविषयी दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. एक शेततळं. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्यात तहानलेला कुत्रा उतरतो आणि गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही. वाचवायला उतरलेला माणूसही येत नाही. पडलाच तर तुम्ही आत उतरू नका. दोर, पट्टा, चादर काठावरून सोडा आणि आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) माणसांना हाक मारा. बिनकठड्याच्या विहिरींचंही तेच. दुसरी गोष्ट, कपाशी आणि तुरीच्या शेतालगतचं साचलेलं पाणी. जून ते नोव्हेंबर फवारण्या चालू असतात, पंप तिथंच धुतले जातात. कुत्र्याला फक्त बाटलीतलं पाणी. तो अचानक लाळ गाळायला लागला, अंग थरथरलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर विषबाधा समजा. अंगावर औषध असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा, घरगुती उपायानं ओकायला लावू नका, बांधावर पडलेल्या डब्याचा फोटो काढा आणि निघा. फोटोवरून औषधाचा गट कळला की डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

विष्ठा पिशवीत उचलून परत आणा. पिशवी नसेल तर वाट आणि पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खोल पुरा.

कुसळ

कुत्र्यांना या डोंगरांवर सगळ्यात जास्त त्रास कुणी देत असेल तर ते कुसळ. कुसळी गवताच्या बीला टोकदार अणी असते, तिच्यावर मागं वळलेले केस असतात, आणि शेपटीसारखा लांब तंतू ओल लागली की पिळा घेत फिरतो. मातीत बी रुजावं म्हणून निसर्गानं केलेली ही सोय कुत्र्याच्या कातडीतही तशीच चालते. घामट जागेत, कानात, नाकात शिरलेलं कुसळ पुढेच जातं, मागे येत नाही. बोटांच्या मधून शिरून ते आतल्या आत सरकतं आणि महिन्याभरानं भलतीकडेच गळू होऊन बाहेर येतं.

हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. निघण्याआधी बोटांमधले, कानाभोवतीचे आणि पोटाखालचे केस बारीक कातरा. लांब केसांच्या कुत्र्याला या महिन्यांत गुरांनी चरून साफ केलेल्या वाटांवरच न्या. गुडघाभर वाळल्या गवतात कोणताच कुत्रा नको. बूट घालणार असाल तर घरात आठवडाभर सवय लावा आणि वाटेत दर वीस मिनिटांनी काढून बघा, कारण आत शिरलेलं कुसळ बुटामुळेच जास्त रुतत जातं. सराटे मात्र बुटानं अडतात.

परत आल्यावर गाडीत बसण्याआधी तपासा, घरी गेल्यावर नव्हे. तासाभरात कुसळ आत गेलेलं असतं. आधी चारही पायांची बोटं एकेक फाकवून, वरून आणि खालून. मग कान, काखा, जांघा, हार्नेसखालची जागा, शेपटीचं मूळ आणि शेवटी ओठ वर करून हिरड्या. दिसणारं कुसळ चिमट्यानं, शिरलेल्या दिशेच्या उलट, सरळ रेषेत ओढा. तुटलं तर उकरू नका. कुत्रा एकाच बाजूनं डोकं झटकत असेल, अचानक सारखा शिंकायला लागला असेल, एकच डोळा मिटत असेल किंवा एकच बोट चाटत बसला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. कानात तेल ओतून वाट बघत बसलात तर तोवर कुसळ पडद्यापर्यंत पोचू शकतं.

ऊन लागलं तर

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जीभ रुंद होऊन गडद लाल, लाळ चिकट तारेसारखी, पाय लटपटणं, उलटी, हाकेला प्रतिसाद नाही, ही ऊन लागल्याची चिन्हं. धापा टाकतोय म्हणून थोडं बसवू आणि मग चालू, असं इथं चालत नाही. क्रमानं करा:

१. सावलीत आणा, हार्नेस काढा.
२. राखीव पाणी पोट, काखा, जांघा आणि पाठीवर ओता, केसांच्या मुळापर्यंत चोळा. साधं पाणी चालतं, बर्फाची वाट बघू नका.
३. टोपीनं, चादरीनं वारा घाला. ओली चादर पांघरून ठेवू नका, तिच्याखाली उष्णता कोंडते.
४. शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी. तोंडात ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.
५. गुदद्वारात थर्मामीटर लावून दर पाच मिनिटांनी बघा. ३९.५ वर आला की ओतणं थांबवा, नाहीतर अंग जास्तच गार पडतं.
६. मग झोळीत घालून दवाखान्यात. आधी थंड करायचं, नंतर न्यायचं, हा क्रम उलटा केल्यानं कुत्रे दगावतात.

अर्ध्या तासात तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखाना चुकवू नका. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम एक ते तीन दिवसांनी दिसतो.

साप

दगडांच्या ढिगात फुरसं, गवतात घोणस, बांधावर नाग, रात्री मण्यार. चावा बहुतेक नाकावर किंवा पुढच्या पायावर बसतो, कारण कुत्रा हुंगत जातो. फुरसं-घोणस चावल्यावर जागा भराभर सुजते, रक्त थांबत नाही. नाग-मण्यारच्या दंशात सूज कमी असते किंवा नसतेच, पण पापण्या उतरतात, पाय लुळे पडतात. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करू नका. तोंड सुजतंय असं दिसलं की पट्टा आणि हार्नेस काढा, तोंड बांधू नका. चालवू नका, झोळीत घ्या, दवाखान्यात फोन करून निघा. आपल्याकडे मिळणारी सर्पविषविरोधी लस या चारही सापांवर चालते. साप शोधण्यात वेळ घालवू नका.

घरी आल्यावर

साध्या पाण्यानं पाय धुवा, बोटांमध्ये कोरडं पुसा. तळव्याला सोलवटलेलं असेल तर सलाइनने धुऊन आयोडीन लावा आणि चार-पाच दिवस फक्त अंगणात फिरवा. जेवण तासाभरानं, नेहमीच्या निम्मं. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी उजेडात पुन्हा एकदा अंग चाचपा: गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली बसते. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडीचा चटका किंवा चुना लावला की ती पोटातलं सगळं जखमेत ओकते.

फेरीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गोचिडीतून येणारा ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा खाणं सोडतो, अंग तापतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा आणि रक्तातल्या प्लेटलेट्स त्याच दिवशी मोजून घ्या.